हौदाची खोली आणि खोलीची उंची

घनफळ म्हणजे वस्तूने अडवलेली जागा. ही व्याख्या पाठ करायला सोपी आहे आणि तिच्यात काही चूकही नाही. अडचण सुरू होते ती पुढच्या ओळीत. तिथे 'एका हौदाची लांबी' असे शब्द येतात. हौद म्हटला की पाणी आठवते, पाणी म्हटले की नळ आठवतो, आणि नळ म्हटला की तो आज येणार की परवा हा विचार डोक्यात शिरतो. या शेवटच्या प्रश्नाला गणितात सूत्र नाही.

बेळगावहून खानापूरकडे निघाले की उद्यमबाग मागे पडते आणि मच्छे यायच्या आधी पिरनवाडी लागते. तिथेच उजव्या हाताला जांबोटीमार्गे गोव्याचा रस्ता फुटतो. शालेय पुस्तकात घनफळाची जेवढी म्हणून शाब्दिक उदाहरणे असतात, त्यांतली बहुतेक सगळी या नाक्याच्या आसपास उभी, पडलेली किंवा सांडलेली आढळतात: अंगणातला हौद, विटांची चवड, वाळूची ट्रॉली, खळ्यातली भाताची रास, कारखान्याच्या दाराशी लोखंडाची कांब आणि वर्तमानपत्रातले धरणाचे पाणी. विषय क्रमाने समजून घ्यायला हे गाव सोयीचे आहे.

शाब्दिक उदाहरणातली पहिली अडचण शब्दांचीच असते. घनफळाला तीन मापे लागतात: लांबी, रुंदी आणि उंची. वस्तू जमिनीच्या वर असेल तर उंची म्हणायचे, जमिनीत असेल तर खोली. पण मराठी माणूस राहतो तीही खोलीच. त्यामुळे 'खोलीची उंची ३ मीटर आहे' आणि 'हौदाची खोली २ मीटर आहे' ही दोन वाक्ये एकाच पानावर आली की वर्गातल्या एखाद्या तरी वहीत हौदाला दार आणि खिडकी निघते. कन्नडमध्ये ही भानगड नाही. तिथे लांबीला उद्द, रुंदीला अगल, उंचीला एत्तर. राहायच्या खोलीला कोणे आणि मोजायच्या खोलीला आळ. मराठीत आळ गरिबावर येतो, कन्नडमध्ये तो विहिरीला असतो. आकारमानाला कन्नडमध्ये गात्र असाही शब्द आहे. मराठीत गात्रे परीक्षेच्या आदल्या रात्री शिथिल होतात.

पिरनवाडीच्या मराठी शाळेतल्या मुलाला घरातली मराठी वेगळी, पुस्तकातली वेगळी आणि बसच्या पाटीवरची भाषा तर निराळीच. एकाच वस्तूला तीन नावे असतात आणि नाव बदलल्याने वस्तू लहानमोठी होत नाही, हे त्याला शाळेत नाव घालण्याआधीच कळलेले असते. घनफळाच्या प्रकरणात हेच ज्ञान 'एककांचे रूपांतर' अशा भारदस्त नावाने पुन्हा शिकवले जाते, आणि तेव्हा मात्र ते अवघड होऊन बसते.

उदाहरण सोडवण्याच्या पायऱ्या पाच: वाचणे, दिलेले आणि काढायचे वेगळे करणे, एकके सारखी करणे, सूत्र वापरून गुणाकार करणे आणि पडताळा पाहणे. यांतली चौथी पायरी सर्वांत सोपी असल्याने बहुतेक विद्यार्थी तिच्यापासून सुरुवात करतात. उदाहरणात तीन संख्या दिसल्या की त्यांचा गुणाकार करून मोकळे व्हायचे, मग त्या तिसऱ्या संख्येत शेतकऱ्याचे वय का दिलेले असेना.

नमुन्यादाखल एक उदाहरण घेता येते. एका शेतकऱ्याने अंगणात सिमेंटचा उघडा हौद बांधला. त्याची बाहेरून लांबी १.५ मीटर, रुंदी १.२ मीटर आणि उंची १ मीटर आहे. भिंती आणि तळ १० सेंटिमीटर जाड आहेत. तर हौदात किती लिटर पाणी मावेल? यात शेतकरी, अंगण आणि सिमेंट हे शब्द शोभेचे आहेत. हौद शेतकऱ्याऐवजी तलाठ्याने बांधला असता तरी पाणी तेवढेच मावले असते. कामाचे शब्द दोनच, 'बाहेरून' आणि 'उघडा', आणि वाचताना नेमके तेच गाळले जातात.

बाहेरची मापे गुणली तर १.८ घनमीटर येतात. हे हौदाने अंगणातली जागा किती अडवली त्याचे उत्तर झाले, म्हणजे घनफळ. पाणी किती मावेल हा प्रश्न धारकतेचा आहे आणि त्याला आतली मापे लागतात. लांबीतून भिंतीची जाडी दोनदा वजा करायची, रुंदीतूनही दोनदा, खोलीतून मात्र एकदाच, कारण हौद उघडा आहे. तीही दोनदा वजा केली तर हौदाला वरून स्लॅब पडतो आणि पाणी भरायला जागाच उरत नाही. आतली मापे आली १.३ मीटर, १ मीटर आणि ०.९ मीटर. धारकता १.१७ घनमीटर. उरलेले ०.६३ घनमीटर म्हणजे नुसती भिंत आणि तळ. हौदाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग हौदानेच खाल्ला, हे बांधणाऱ्याला ऐकवले तर तो शांतपणे म्हणतो, "मग पाणी धरून कोण ठेवतंय की?"

आता लिटर. इथे तिसरी पायरी येते, आणि घनफळाची उदाहरणे बुडतात ती याच ठिकाणी. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर हे सर्वांना पाठ असते, म्हणून १ घनमीटर म्हणजे १०० घनसेंटिमीटर असे वहीत बिनदिक्कत उतरते. या हिशेबाने हौदात ११७ घनसेंटिमीटर पाणी मावते. तेवढ्यात चूळ भरून होते, दुसरे काही होत नाही. खरी गोष्ट अशी की एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोक्यात एकेक सेंटिमीटरचे ठोकळे रचायला घेतले तर एका ओळीत १०० बसतात, तळाच्या एका थरात १०,०००, आणि असे १०० थर लागतात. एकूण दहा लाख. दिवसाला एक थर लावायचा म्हटले तर शंभर दिवस जातील, म्हणून हे अनुभवाने शिकण्यापेक्षा पाठ करण्याकडे शाळेचा कल असतो. हजार घनसेंटिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा एक घनमीटर म्हणजे १००० लिटर आणि हौदाचे उत्तर ११७० लिटर. गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची हजार लिटरची टाकी म्हणजे एक घनमीटर. तो डोक्यावर असतो म्हणून ओळखू येत नाही, इतकेच.

हौदाला एकटे सोडण्याची गणितात पद्धत नाही. त्याला नळ जोडले जातात, बहुधा दोन भरणारे आणि एक रिकामा करणारा. तिसऱ्या नळाची तोटी कोणी उघडी ठेवली, हे पुस्तक विचारत नाही. या प्रकाराचे मूळ जुने आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, चार झरे एक कुंड भरतात. पहिला एकटा ते एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा एकतृतीयांश आणि चौथा एकषष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर? घाईत सोडवणारा चारही वेळा मिळवतो आणि त्याला पुरते दोन दिवस मिळतात. एकटा झरा जे काम दिवसात उरकतो, त्याला चौघांनी मिळून दोन दिवस लावणे कचेरीत शक्य आहे, पाण्यात शक्य नाही. वेळा मिळवायच्या नसतात, वेग मिळवायचे असतात. दिवसाला १, २, ३ आणि ६ कुंडे, म्हणजे एकूण १२. उत्तर दिवसाचा बारावा भाग, दोन तास.

या गणितात झरे चोवीस तास वाहतात हे गृहीत आहे. बेळगाव शहरातल्या काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी येऊ लागले, तेव्हा तेवढ्या प्रभागांपुरती तरी ही उदाहरणे वास्तववादी झाली. इतरत्र हौद भरायला किती वेळ लागेल याचे उत्तर तासांत काढायचे की वारांत, हे आधी ठरवावे लागते.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. आपले गाव त्यांनी सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे सांगितले आहे. ते विज्जडविड म्हणजे कर्नाटकातले विजापूर, असे काही अभ्यासक म्हणतात. चाळीसगावजवळ पाटणे येथे त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आहे, तेव्हा ते तिथलेच, असे दुसरे म्हणतात. म्हणजे सीमाप्रश्न गणितालाही चुकलेला नाही. त्यांचे सूत्र मात्र दोन्ही राज्यांत सारखेच उत्तर देते.

पाण्यानंतर धान्य. 'लीलावती'त राशीव्यवहार असे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते फक्त धान्याच्या ढिगांचे आहे. रीत अशी: ढिगाच्या तळाचा परीघ दोरीने मोजायचा, त्याला सहाने भागून वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचे. ढिगावर चढून उंची मोजायची गरज नाही. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या भागाइतकी आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी असते. बारीक दाणे घरंगळून पसरतात, कुसळे एकमेकांना धरून ठेवतात म्हणून रास उंच राहते. बेळगाव बासमतीच्या खळ्यात हे आजही नजरेला दिसते. भाताच्या राशीचा परीघ १८ हात भरला तर उंची २ हात. अठराला सहाने भागून तीन, तिनाचा वर्ग नऊ, नऊ दुणे अठरा. परीघ अठरा हात, घनफळ अठरा घनहात. इतका सोयीचा ढीग खळ्यात क्वचितच पडतो. हात ४५ सेंटिमीटरचा धरला आणि आजच्या सूत्राने मोजले तर ही रास दीड घनमीटरच्या थोडी वर जाते, म्हणजे सुमारे नऊ क्विंटल भात.

आजच्या सूत्राने उत्तर किंचित कमी येते, कारण जुन्या रितीत परीघ व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे. भास्कराचार्यांना याहून नेमका आकडा ठाऊक होता आणि तो त्याच ग्रंथात आहे. पण खळ्यात उभे राहून ३९२७ ला १२५० ने भागणे कोणाला परवडणार? ढिगात शेकड्याला साडेचार-पाच धान्य जास्तीचे दिसते. ते कोणाच्या कोठारात गेले, हे सूत्र सांगत नाही. रास भिंतीला टेकून घातली असेल तर दिसणारा परीघ दुप्पट करायचा आणि शेवटी निम्मे घ्यायचे. कोपऱ्यात असेल तर चौपट करून चौथा हिस्सा घ्यायचा. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या खळ्यातही धान्य भिंतीला टेकवून घालणारी माणसे होती, एवढे यावरून सिद्ध होते.

रास मोजली की ती मापात घालायची. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. मण किती पायल्यांचा, बारा की सोळा, हे बाजार पाहून ठरायचे. ही सगळी मापे घनफळाची. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचे वजन सारखे भरत नाही, आणि ते भरावे अशी अपेक्षाही नव्हती. पायली काठोकाठ भरून वर धान्याचा जो सुळका राहतो त्याला शीग म्हणतात. उत्सुकता आणि वाद मराठीत शिगेला पोहोचतात ते या सुळक्यावर. पुस्तकातली पायली सपाट असते, वृत्तचितीचे सूत्र लावले की संपली. बाजारातल्या पायलीवर शंकू बसलेला असतो. माप जितके रुंद तितकेच उंच आणि शिगेचा उतार ३० अंशांचा धरला, तर शीग मापाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याची भरते. घेताना शिगेने घ्यायचे आणि देताना काठावरून हात फिरवून द्यायचे, एवढ्या भांडवलावर दहा पायल्यांमागे एक पायली सुटते. शंकूचे घनफळ न शिकलेल्या माणसांनी शंकूच्या जिवावर वाडे बांधले.

१९५६ साली या भागाला दोन बदल एकदम सोसावे लागले. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि डिसेंबरात वजनमापांचा कायदा होऊन शेर-पायली लिटर-किलोत गेली. पहिल्या बदलाचा वाद अजून चालू आहे. दुसऱ्याची तक्रार घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुरती राहिली, आणि तीही लिटरने दूध घेता घेता मिटली. फुटाचे तसे झाले नाही. घर बांधायला काढले की दशमान पद्धत चप्पल काढून दाराबाहेर थांबते.

बांधकामात वाळू आणि खडी ब्रासने मोजतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. शाळेत घनमीटर शिकलेला मुलगा वाळूच्या ट्रॉलीशी उभा राहिला की त्याला ब्रास कळत नाही, आणि ट्रॉलीवाल्याला घनमीटर सांगितला की तो तेवढ्यातच वाळूचा भाव वाढवतो. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि फळीची उंची टेपने घेऊन गुणणे एवढेच काम आहे. पण वाळूलाही शीग असते, आणि ती निघताना जेवढी असते तेवढी पोहोचताना नसते. दोघांमधला फरक रस्त्यावर पसरलेला सापडतो.

स्लॅबचे गणित याहून गमतीचे. ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि ५ इंच जाडीचा स्लॅब घालायचा आहे. इंचाचे फूट केले नाहीत तर उत्तर ३००० घनफूट येते आणि घरावर पाच फूट जाडीचा स्लॅब पडतो. पाच इंच म्हणजे ५/१२ फूट. ६०० ला त्याने गुणले की २५० घनफूट, अडीच ब्रास. हे झाले पुस्तकाचे उत्तर. या उत्तरावर सामान मागवले तर स्लॅब दोन-तृतीयांशावर संपतो. गवंडी २५० ला १.५४ ने गुणतो आणि ३८५ घनफूट कोरडा माल सांगतो, कारण खडीच्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट शिरते आणि पाणी पडल्यावर सगळे आणखी दबते. एक वाटी चुरमुरे आणि एक वाटी शेव मिळून दोन वाट्या होत नाहीत, तेच हे. जुन्या एकास दोनास चार या प्रमाणाने ३८५ चे सात भाग करायचे: ५५ घनफूट सिमेंट, ११० वाळू, २२० खडी. सिमेंटचे पोते सव्वा घनफुटाचे, म्हणजे ४४ पोती, वाळू १.१ ब्रास, खडी २.२ ब्रास. हा हिशेब विटेच्या तुकड्याने भिंतीवर मांडला जातो आणि गिलावा होईपर्यंत तिथे राहतो. १.५४ कुठून आला असे विचारले तर "असतंय तसंच" एवढे उत्तर मिळते. पुस्तकात तेही मिळत नाही.

विटांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९ × ९ × ९ सेंटिमीटरची वीट मसाल्यासह २० × १० × १० ची जागा घेते, म्हणून घनमीटरला ५०० विटा. पुस्तकातल्या भिंतीत विटा फुटत नाहीत.

उद्यमबाग आणि मच्छे इथल्या कारखान्यांत घनफळ वेगळ्या नावाने नांदते. तिथे जागा कोणी विचारत नाही, वजन विचारतात. पोलादाच्या गोल कांबीचे एका मीटरचे वजन काढायची रीत अशी: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे. २५ मिलिमीटरची कांब असेल तर ६२५ भागिले १६२, म्हणजे ३.८६ किलो. या १६२ मध्ये वृत्तचितीचे सूत्र, पायचा चौथा हिस्सा, घनमीटरला ७८५० किलो ही पोलादाची घनता आणि मिलिमीटरचे मीटर असे सगळे प्रकरण कोंबून बसवलेले आहे. दहावीला वृत्तचितीने ज्याचे गुण कापले, त्याच माणसाला पुढे हे सूत्र झोपेतही येते. सूत्रातून π गेला की भीतीही जाते, असे दिसते.

फौंड्रीत बीड ओततात. ओतलेले बीड थंड होताना प्रत्येक बाजूने सुमारे एक टक्का आखडते, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढ्या प्रमाणात मोठा करतात. बाजू एक टक्का वाढली तर घनफळ किती वाढेल, हा शाळेत हमखास येणारा प्रश्न. हमखास येणारे उत्तर एक टक्का, खरे उत्तर तीन टक्क्यांच्या किंचित वर, कारण वाढ तिन्ही बाजूंनी होते. परीक्षेत हे चुकले तर दोन गुण जातात. पॅटर्नमध्ये चुकले तर अख्खा माल परत येतो, आणि त्याला वाढीव गुण देऊन पास करता येत नाही.

आतापर्यंतच्या वस्तूंना नीट आकार तरी होता. दगड, बटाटा, गणपतीसाठी आणलेला मातीचा गोळा यांना लांबी-रुंदी-उंची नसते. असल्या वस्तूंचे घनफळ त्या पाण्यात बुडवून, चढलेले पाणी मोजून काढतात. या रितीचे श्रेय आर्किमिडीजला देतात. पण मराठी मूल ती पहिल्यांदा शिकते तहानलेल्या कावळ्याकडून. मडक्यात तळाशी पाणी होते, कावळ्याने खडे टाकले, पाणी वर आले, कावळा पाणी पिऊन उडून गेला. शाब्दिक उदाहरण म्हणून ही गोष्ट अपुरी आहे, कारण तिच्यात सुरुवातीची पाण्याची उंची दिलेली नाही. ओबडधोबड खड्यांच्या ढिगात सुमारे चाळीस टक्के जागा फटींची असते. सरळ कडांच्या भांड्यात पाणी चार-दशांश उंचीपेक्षा कमी असेल तर भांडे खड्यांनी काठोकाठ भरते, पाणी फटींतच राहते आणि कावळ्याच्या वाट्याला खडे येतात. अर्धे भांडे भरलेले असेल तर मात्र कावळा जिंकतो. गोष्टीत पाणी 'तळाशी' होते. सिमेंट-वाळूचा जो नियम गवंड्याला ठाऊक आहे तो गोष्ट लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हता.

शेवटचा प्रकार सर्वांत मोठा. पावसाळा लागला की बेळगावच्या वर्तमानपत्रांत धरणांचे आकडे येऊ लागतात. शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी फुटांत देतात आणि ती २४७० च्या घरात असते. ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, धरणाची खोली नव्हे. नाहीतर राकसकोपमध्ये बुडालेला खडा तळाला जाईपर्यंत दुसरा पावसाळा आला असता. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचा आकडा ५१ टीएमसी असा येतो. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, अर्थात शंभर कोटी घनफूट, सुमारे २८३२ कोटी लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाक्या लावायच्या झाल्या तर एका टीएमसीला २ कोटी ८३ लाख टाक्या लागतील. पाण्याचा वेग क्युसेकने सांगतात, म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, तेव्हा एका दिवसात एक टीएमसी भरायला ११,५७४ क्युसेक पाणी आत यावे लागते. हौद आणि नळ हेच ते उदाहरण. फक्त नळाची तोटी आभाळात असते आणि सोडायचा दरवाजा दुसऱ्या खात्याकडे.

पिरनवाडीहून फुटणारा जांबोटीचा रस्ता पुढे कणकुंबीला जातो. म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या तिथल्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात वाद आहे, आणि त्या खोऱ्यात महाराष्ट्रही वाटेकरी आहे. लवादाने २०१८ साली कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे १.७२ आणि २.१८, मिळून ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवायचे. तीन राज्ये, दोन नाले आणि दशांशचिन्हानंतर दोन स्थळे. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने रचली त्याला मडके अभिप्रेत होते. पण कळशाला वळसा घालायचा खर्च किती, हा प्रश्न त्या म्हणीतही सुटलेला नाही.

उरली पाचवी पायरी, पडताळा. उत्तर आल्यावर ते शक्य आहे का, हे पाहणे म्हणजे पडताळा. हौदात चूळभर पाणी, घरावर पाच फुटी स्लॅब, चार झऱ्यांना दोन दिवस, ही सगळी उत्तरे या पायरीवर अडली असती, पण तोवर शाळेची घंटा झालेली असते. घरी वेळ असतो. वर दिलेल्या हौदाचे उत्तर ११७० लिटर आले. पंधरा लिटरच्या घागरीने तो भरला तर ७८ घागरी व्हायला हव्यात. प्रत्यक्षात हौद भरणाऱ्या बाईला विचारले तर ती न मोजता सांगते, "सत्तर बसतंय." सत्तर घागरी म्हणजे १०५० लिटर. तळ १.३ चौरस मीटरचा, तेव्हा पाणी ८१ सेंटिमीटरवर थांबते, काठापासून सुमारे ९ सेंटिमीटर खाली. हौदाच्या भिंतीत त्याच उंचीवर जादा पाणी जायला गवंड्याने पाइपाचा तुकडा बसवलेला असतो. पुस्तकातल्या आकृतीत हे भोक दाखवलेले नसते. उरलेल्या आठ घागरी त्या भोकातून परसातल्या केळीला जातात.